खिडक्यांचा रतीब

दिवाळी तोंडावर आली की आपल्या घरातल्या प्रत्येक खिडकीचे दोन भाग पडतात : आतली काच आणि बाहेरची काच. आतली काच माणसाच्या ताब्यातली असते. जुन्या वर्तमानपत्राचा ओला बोळा, थोडी चिकाटी आणि पाठीमागून कोणी तरी ‘तो कोपरा राहिला’ म्हणणारे असले की ती लख्ख होते. बाहेरची काच मात्र दैवाधीन. तिसऱ्या मजल्यावरून गजांतून हात घालून जेवढे पोचेल तेवढे एक अर्धवर्तुळ आपण स्वच्छ करतो आणि उरलेली काच पुढच्या पावसाळ्याच्या हवाली करतो.

इंग्लंडात ही बाहेरची काच म्हणजे एक रीतसर धंदा आहे. दर चार किंवा आठ आठवड्यांनी एक माणूस येतो. घरात कोणी असो वा नसो, बाहेरून सगळ्या काचा धुतो, दारात चिठ्ठी टाकतो आणि पुढच्या घराकडे वळतो. आपल्याकडे दुधाचा रतीब असतो तसा हा खिडक्यांचा रतीब. मुंबईत पेपरची ‘लाइन’ विकत घेतात, तसा हा रतीबही घेता-विकता येतो. तिकडे त्याला ‘राउंड’ म्हणतात. ज्या देशाने १६९६ पासून १८५१ पर्यंत खिडक्यांवर कर बसवला होता, आणि तो चुकवण्यासाठी ज्या देशातल्या लोकांनी आपल्याच खिडक्या विटांनी बुजवल्या होत्या, त्या देशात उरलेल्या खिडक्यांचे एवढे कौतुक असावे हे ठीकच आहे.

मी कॉलेजात मराठी शिकवतो. ह्या धंद्याची माहिती मला असण्याचे खरे म्हणजे काही कारण नाही. पण २०२३ सालच्या उन्हाळ्याच्या सुटीत महिनाभर मी ताईकडे रेडिंगला राहिलो, आणि त्या महिन्यात त्या घरात दुसरा विषयच नव्हता. माझ्या भाच्याने बँकेतली नोकरी सोडून एका वृद्ध खिडकीवाल्याचा राउंड विकत घेतला होता. शिड्या चढून-उतरून त्या गृहस्थांचे गुडघे गेले होते. भाच्याचे म्हणणे असे की, बँकेत बसून लोकांचे कर्जाचे अर्ज नामंजूर करण्यात आपलेही काही तरी गेलेच असते, फक्त ते क्ष-किरणांत दिसले नसते.

भाऊजींना हे म्हणणे पटले नव्हते. ते इंजिनिअर. चाळीस वर्षे त्या देशात मान खाली घालून काम केलेले, आता निवृत्त. पुण्याहून फोन आला आणि कोणी मुलाची चौकशी केली की ते ‘फॅसिलिटीजमध्ये आहे’ असे मोघम सांगत. ह्या शब्दाने पलीकडचा माणूस गप्प होत असे, कारण त्याला तो शब्द कळत नसे आणि कळला नाही हे कबूल करायचे नसे. श्रमप्रतिष्ठा ह्या विषयावरचे निबंध मी वीस वर्षे तपासतो आहे. त्या निबंधांत प्रतिष्ठा पावणारा श्रम नेहमी दुसऱ्याच्या मुलाचा असतो. त्यामुळे भाऊजींना नावे ठेवण्याच्या भानगडीत मी पडलो नाही.

म्हाताऱ्याचे काम शिडी, फडके आणि रबराची पट्टी ह्यांवर चाले. भाच्याला शिडी नको होती. तिकडे २००५ साली उंचीवरच्या कामासंबंधी नियम आले. शिडीवर बंदी आली असे पुष्कळांना वाटते, तसे काही नाही. पण जे काम जमिनीवर उभे राहून होते ते वर चढून करू नये, असा त्या नियमांचा रोख आहे. तेव्हापासून तिथे बांबूने खिडक्या धुण्याची पद्धत फार बोकाळली. बांबू म्हणजे दुर्बिणीसारखा एकातून एक निघणारा, कार्बनच्या धाग्यांचा, हलका. टोकाला ब्रश, ब्रशाला पाण्याची तोटी आणि तोटीपर्यंत आतून गेलेली बारीक नळी. खाली उभ्या माणसाने आधी वरची चौकट घासायची, मग काच घासायची, मग धुवायची आणि निघायचे. चौकट आधी, नाही तर तिच्यातली घाण मागाहून ओघळते आणि काचेवर रांगोळी उमटते.

‘आणि पुसायचे कोणी?’ मी विचारले.

‘पुसायचेच नाही, मामा,’ भाचा म्हणाला. ‘तीच तर गंमत आहे.’

ती गंमत पाण्यात होती. रेडिंगचे पाणी खडूच्या खडकातून येते. शाळेत आपण ज्याला ‘दुष्फेन’ म्हणायला शिकलो आणि पुढे आयुष्यात ज्याला कधीही तसे म्हटले नाही, ते हे पाणी. आपल्या घरी गाळणयंत्र विकायला येणारा माणूस पेल्यात पेनासारखे एक यंत्र बुडवून आकडा दाखवतो ना, तोच आकडा ताईच्या नळाला तीनशेच्या आसपास येई. असे पाणी काचेवर वाळले की त्यातला चुना मागे राहतो आणि पांढरे ठिपके पडतात. म्हणून ते आधी गाळणीतून आणि मग रेझीनच्या नळकांड्यातून नेऊन त्याचा आकडा शून्यावर आणायचा. शून्य म्हणजे शून्य. आपण पितो त्या पाण्यात काही क्षार असतात, असावेही लागतात. काचेला मात्र काहीही चालत नाही. ज्या पाण्यात काहीच नाही ते वाळले तरी मागे काहीच ठेवत नाही, म्हणून पुसायला नको.

ते शुद्ध पाणी गॅरेजमध्ये तयार होई, आणि एकेका लिटरपायी एक-दोन लिटर पाणी वाया जाई. पुण्यात कळशीवर कळशी रचून वाढलेल्या ताईला ते बघवेना. ती वाया जाणारे पाणी झाऱ्यांत भरून वाफ्यांना घालत असे. रेझीन संपत आले की त्याला चक्क मासळीचा वास सुटतो. पहिल्यांदा तो सुटला तेव्हा, सात पिढ्या शाकाहारी असलेल्या त्या घरात, सुकट कोणी आणली ह्याची एक संध्याकाळ चौकशी चालली होती.

आता पेच असा की, हे पाणी गिऱ्हाइकाच्या दारापर्यंत न्यायचे कसे? त्याच्या दोन तऱ्हा आहेत. एक, हातगाडी : दोन चाकांच्या सांगाड्यावर पंचवीस लिटरचा पिंप, एक बॅटरी आणि छोटा पंप. साध्या मोटारीच्या डिकीत मावते आणि काही शे पौंडांत काम भागते. दुसरी, व्हॅन : आत तीनचारशे लिटरची टाकी, पंप आणि शंभर मीटर नळीचे रहाट. व्हॅन रस्त्यावर उभी करायची आणि नळी ओढत घरामागे जायचे. ह्यात गाडीसकट हजारोंची बाब.

भाऊजी हातगाडीच्या बाजूचे होते. त्यांचे मुद्दे खोटे नव्हते. अरुंद गल्ल्यांत लाल विटांची ओळीने बांधलेली घरे. रहिवाशांचा परवाना नसेल तर गाडी उभी करायला जागा नाही. दुकानांच्या वरचे फ्लॅट मागच्या चौकातून धुवायचे, तिथे व्हॅन शिरत नाही, हातगाडी शिरते. हिवाळ्यात रात्री टाकी नि नळी गोठते. हातगाडी उचलून घरात आणता येते. आणि राउंड अजून अंगवळणी पडायचा आहे. निम्मी गिऱ्हाइके म्हाताऱ्याच्या प्रेमापोटी होती, ती टिकतील कशावरून? कोणी मला विचारले असते तर वीस-पंचवीस घरांच्या माणसाला मीही हातगाडीच घ्यायला सांगितले असते.

पण तिसऱ्या की चौथ्या संध्याकाळी भाऊजी बोलता बोलता म्हणाले, ‘हातगाडी काय, उद्या विकून टाकता येते.’ आणि मग थोडे थांबून, ‘शिवाय ती डिकीत राहते.’

ताई भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही, पण तिचे हात थांबले.

वाद पाण्याचा नव्हताच. हातगाडी डिकीत राहते, म्हणजे दिसत नाही. व्हॅन दारात उभी राहते. शेजारी दिसते, मंडळाच्या गणपतीला आलेल्यांना दिसते, पुण्याच्या व्हिडिओ कॉलमध्येही मागे दिसेल. हातगाडीवाला उद्या पुन्हा बँकेत जाऊ शकतो. व्हॅनवाला म्हणजे खिडकीवाला. भाच्यालाही हे पुरते कळले होते, आणि म्हणूनच तो व्हॅनसाठी अडून बसला होता. दोघेही दरांची पत्रके एकमेकांसमोर सरकवीत, आणि पत्रकांत छापलेल्या एकाही गोष्टीविषयी त्यांचे भांडण नव्हते.

ते सुटले ते हिशेबाने. इंजिनिअर माणसाला रागावून फार वेळ बसवत नाही, त्याला आकडे समोर आले की राहवत नाही. भाच्याने एक दिवस वही घेतली आणि मांडले : घराला वीसेक लिटर पाणी, दिवसाला पंधरा घरे, म्हणजे तीनशे लिटर. म्हणजे पंचवीस किलोचे बारा पिंप, रोज, गाडीतून खाली आणि रिकामे पुन्हा वर. ‘म्हाताऱ्याचे गुडघे गेले, बाबा. माझी कंबर जाईल. एवढाच फरक.’

भाऊजींनी वही ओढून घेतली. गुणाकार बरोबर होता. ते बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिले आणि मग अगदी वेगळ्याच आवाजात म्हणाले, ‘तीनशे लिटर म्हणजे तीनशे किलो. हे मागे घेऊन तू ब्रेक मारणार?’

त्यानंतर तीन दिवस हातगाडीचे नाव निघाले नाही. ओझे किती चालेल हे पाहण्यासाठी भाऊजींनी एका जुन्या व्हॅनचे कागद वाचले. साडेतीनशे लिटर पाणी, टाकीची चौकट, रहाट, पंप, बॅटरी आणि चालवणारा मुलगा ह्यांची बेरीज केली. टाकीत आडव्या भिंती आहेत का, नाही तर अर्धी टाकी वळणावर हिंदकळेल, हे त्यांनी विकणाऱ्याला दोनदा विचारले. ताशी तीस मैलांवरून गाडी एक दशांश सेकंदात थांबली तर ते साडेतीनशे किलो पुढच्या माणसावर पावणेपाच टनांच्या जोराने येईल, हा आकडा त्यांनी जेवणाच्या टेबलावर सांगितला तेव्हा ताईने आमटीची वाटी खाली ठेवली. टाकी पट्ट्याने बांधून चालणार नाही. पोलादी चौकट हवी आणि बोल्ट व्हॅनच्या तळातून आरपार जाऊन खाली जाड पत्र्याने धरलेले हवेत. गॅरेजवाला म्हणाला, सगळे असेच करतात. भाऊजी म्हणाले, सगळ्यांच्या गाडीत माझा मुलगा नसतो.

व्हॅन आली. जुनी, पांढरी, डाव्या अंगाला पोचा पडलेली. हातगाडीही घेतली, दुकानांमागच्या फ्लॅटांसाठी. दोघांचे म्हणणे राहिले असे मात्र कोणी म्हटले नाही. बाजूवर नाव लिहायचे की नाही हे ठरेना, म्हणून बाजू कोरीच राहिली. मी परत यायच्या आदल्या आठवड्यात भाचा ती घेऊन पहिल्यांदा कामाला निघाला. नळी फुटपाथवरून आडवी जाते, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय अडकतात, म्हणून तिथे एक माणूस उभा हवा, असे भाऊजींनी रात्रीच जाहीर केले होते. तो माणूस मी असावा अशी माझी समजूत झाली होती. सकाळी पाहतो तो भाऊजी इस्त्रीचा शर्ट घालून, बूट बांधून तयार.

तिसऱ्या घरापाशी मंडळातले एक गृहस्थ कुत्रा फिरवत आले. भाऊजींना पाहून थबकले. वर, बांबूच्या टोकाशी, दुसऱ्या मजल्याच्या काचेवरून पाणी ओघळत होते. ‘अरे, इकडे कुठे तुम्ही?’ त्यांनी विचारले.

‘काम चालू आहे,’ भाऊजी म्हणाले. ‘खाली नळी आहे, जरा पाय उचलून टाका. आणि कुत्र्याला ह्या बाजूने घ्या.’