एस्टीमचं डाएटिंग

हॉस्टेलमध्ये डाएटिंग हा विषय मेसच्या पातळ वरणाइतकाच रोजचा. पण गेल्या पावसाळ्यापासून मी जिच्या वजनामागे हात धुऊन लागले आहे, ती आहे माझ्या मामाची २००१ सालची मारुती एस्टीम! (कॉन्व्हेंटचं मराठी आहे, सांभाळून घ्या. गॅरेजमध्ये तसंही माझ्या इंग्रजीचं काही चालत नाही.)

ज्युनियर्ससाठी थोडी ओळख. एस्टीम १९९४ मध्ये आली आणि २००७ मध्ये बंद झाली. १.३ लिटरचं इंजिन, नंतरच्या १६ व्हॉल्व्हवाल्या मॉडेलला ८५ हॉर्सपॉवर आणि वजन जेमतेम पावणेनऊशे किलो. म्हणून तर रॅलीवाल्यांनी तिला वर्षानुवर्षं पळवली. गणित सोपं आहे. ताकद वाढवायची तर इंजिन उघडा, म्हणजे पैसे मोजा. त्याऐवजी ४० किलो उतरवले तर तेच ८५ घोडे ८९ असल्यासारखे ओढतात, वर ब्रेक आणि टायरलाही आराम. वजन टाकून सुटण्याचा प्रयोग आपल्या भागात जुनाच आहे म्हणा. जानेवारी १७७९ मध्ये इंग्रजांनी तळेगावच्या तळ्यात जड तोफा ढकलल्या आणि हलके होऊन मागे फिरले. तरी मराठ्यांनी त्यांना वडगावला गाठलंच.

पण आमचा प्रश्न निव्वळ हौसेचा नव्हता. गाडीचं पासिंग २०२६ मध्ये संपतं. वीस वर्षांपुढच्या मोटारीची फी २०२५ मध्ये दहा हजार झाली, तीही मामा भरेल. पण मावळातल्या पंचवीस पावसाळ्यांनी दारं खालून कुजवली आहेत आणि डाव्या फेंडरमधून बोट आरपार जातं. मामाने सरळ सांगून टाकलं, "दिवाळीपर्यंत धड पत्रा मिळाला तर ठीक. नाहीतर स्क्रॅप सेंटरला देतो, सर्टिफिकेट घेतो, विषय संपला." कामशेतच्या चढावर मी हाफ-क्लच शिकले ते याच गाडीवर. विषय असा कसा संपेल?

पहिला मोह फायबरचा. पुण्यात एकाने फायबरचं बॉनेट दाखवलं, "मॅडम, निम्मं वजन!" रूमवर येऊन कॅल्क्युलेटर काढला. ०.७ मिलिमीटरचा स्टीलचा पत्रा चौरस मीटरला साडेपाच किलो भरतो. फायबर हलकं खरं, पण तेवढं ताठ राहायला जाड लागतं. ३ मिलिमीटर धरलं तर पावणेपाच-पाच किलो होतंच. निम्मं कुठलं! फायबर वाईट असं मी म्हणत नाही. बंगलोरच्या सिपानीने १९८०च्या दशकात 'डॉल्फिन' ही अख्खी फायबर बॉडीची गाडी विकली आणि हौशी मंडळींनी ती शर्यतीतही पळवली. पण ती मुळातच तशी बेतलेली होती. आपण घाटात रोज चालणाऱ्या गाडीला घरगुती फायबर लावणार, धडकेत ते स्टीलसारखं घडी होऊन मार खात नाही, तुकडे होतात. शिवाय आरसीवर गाडीचं रिकामं वजन छापलेलं असतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल, दोन्हींचं म्हणणं एकच, मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल चालणार नाहीत. त्याच मॉडेलचा जुना पत्रा लावला तर हा वादच नाही.

खरी चावी दिली ती आमच्या डेंटर चाचांनी. त्यांनी दारावर मूठ आपटली. ठण्ण ऐवजी धप्प!

"बेटी, ये दरवाजा नहीं, दीवार है. यात तीन वेळा लांबी भरलीय."

लांबी म्हणजे पुटी. आधी गंज, मग त्यावर पत्र्याचा तुकडा वेल्ड, मग लांबी, मग रंग आणि पुढच्या पावसाळ्यात तेच पुन्हा. दार सोडवून स्प्रिंग काट्याला टांगलं. काटा बघून मामा गप्प झाला. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, की सगळ्यात हलका पार्ट म्हणजे कधीच दुरुस्त न झालेला पार्ट. आणि तो लोणावळ्याच्या पावसात मिळणार नाही, देशावरच्या कोरड्या हवेत मिळेल.

मग रविवारची भटकंती सुरू झाली. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, तिथे पाने-पकडी मिळतात, दरवाजे नाहीत. पुढे भंगारची दुकानं. माझं हत्यार एकच, रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक. साध्या पत्र्याला ते टपकन चिकटतं, लांबीवर घसरतं. दुकानदार आधी हसायचे, मग खुर्ची द्यायचे. नियम दोन. गाडीला मागून धडक बसलेली हवी, म्हणजे पुढचे पार्ट शाबूत असतात. आणि चासी नंबर लिहिलेली पावती हवी, नाहीतर चोरीचा माल आपल्या गळ्यात.

सहाव्या रविवारी एमएच-१३ पाटीची एस्टीम भेटली. सोलापूरची! डिकी पार आत गेलेली, पण दारांच्या तळाला कंपनीचा रंग जसाच्या तसा. काचा हाताने फिरवायच्या, म्हणजे मोटरचंही वजन गेलं. पुढची दोन दारं टेम्पोने आली. फेंडर मात्र आम्ही लगेजचं तिकीट काढून लोणावळा लोकलने आणला. एका आजींनी विचारलं, "बाळा, हे पंख कशाचं गं?" मामा म्हणाला, "विमानाचं." देहूरोडपर्यंत आजींनी विश्वास ठेवला.

जुने तीन पार्ट आणि नवे (म्हणजे जुनेच!) तीन पार्ट एकाच काट्यावर तोलले. फरक निघाला ११ किलो. ४० ला अजून बराच अवकाश आहे, पण फेंडरमधून बोट जात नाही आणि मामाने स्क्रॅप सेंटरचा नंबर फोनमधून काढून टाकलाय.

आता बॉनेट राहिलंय. सोलापूर, नगर, धाराशिवकडच्या मंडळींनो, सुट्टीत घरी जाल तेव्हा गल्लीत कुठे मागून ठोकलेली एस्टीम उभी दिसली तर लेडीज हॉस्टेलच्या गेटवर निरोप ठेवा. चुंबक घेऊन येते!