मूल वाढवण्याची स्पर्धा असते का?

मुलांना धाकात ठेवावे की त्यांच्या कलाने घ्यावे? हा वाद घराघरांत जुनाच आहे. वडील म्हणतात, ‘तुझ्या लाडाने बिघडला.’ आई म्हणते, ‘तुमच्या ओरडण्याने कोडगा झाला.’ आजी दोघांनाही चुकीचे ठरवते!

दूरदर्शन संचाने आता हा वाद चव्हाट्यावर आणला आहे. सोनी वाहिनीवर २०११ साली ‘माँ एक्सचेंज’ ही मालिका आली. तीत दोन घरांतल्या आयांची अदलाबदल होत असे. ऑस्ट्रेलियात २०२१ साली ‘पॅरेंटल गाइडन्स’ या मालिकेने आणखी पुढचे पाऊल टाकले. कोणी कडक शिस्तीचे, कोणी मोकळीक देणारे, अशा आईबापांना एकत्र आणून त्यांच्या मुलांची परीक्षा घेतली. अनोळखी माणसाबरोबर मूल जाते का, हेही पाहिले. शेवटी कोणती पद्धत श्रेष्ठ, याचा निवाडा!

पण अशा निवाड्यात ‘श्यामची आई’ कुठे बसली असती? पोहायला घाबरणाऱ्या श्यामला ती मारून विहिरीवर धाडते आणि नंतर तीच मायेने त्याची समजूत घालते. तिला कडक म्हणावे की प्रेमळ?

कोलकात्यातील सियालदह स्टेशनाजवळ या प्रश्नाकडे वेगळ्या नजरेने पाहिले गेले. फाळणीनंतर याच स्टेशनाच्या फलाटांवर निर्वासितांची कुटुंबे राहत होती. पुढेही त्या परिसरात अनेक मुले रस्त्यावरच वाढली. जवळच लोरेटो डे स्कूल ही मुलींची नामांकित शाळा. सिस्टर सिरिल मूनी या आयरिश जोगीण १९७९ साली तिच्या मुख्याध्यापिका झाल्या. त्यांनी गरीब मुलींसाठी शाळेचे दार उघडले. होता होता सुमारे निम्म्या मुली विनाशुल्क शिकू लागल्या.

१९८५ साली त्यांनी ‘रेनबो’ उपक्रम सुरू केला. रस्त्यावरच्या मुलींनी सवडीने यावे, शिकावे. त्यांना शिकवायच्या कोण? शाळेतल्याच मोठ्या मुली! पाचवीपासूनच्या मुली शाळेच्या वेळातच, पाळीपाळीने, एकेका मुलीला घेऊन बसत. तयारी झाली की ती मुलगी नेहमीच्या वर्गात जाई. ज्यांना रात्री सुरक्षित आसरा नव्हता, त्यांची सोय शाळेतच झाली.

विचार करा, मोटारीतून शाळेत येणारी मुलगी रस्त्यावर राहणाऱ्या मुलीला अक्षरे गिरवायला शिकवते. तेव्हा तिला काय मिळते? दप्तर, डबा, रात्रीचे छप्पर या गोष्टी सर्वांनाच मिळत नाहीत, हे तिला कोणी व्याख्यान न देता कळते. आणि समोरच्या मुलीला? रोज तिची वाट पाहणारे एक माणूस!

या कामासाठी सिस्टर सिरिल यांना २००७ साली पद्मश्री मिळाली. २०२३ साली त्यांचे निधन झाले.

शिस्त हवी, मोकळीकही हवी. किती आणि केव्हा, हे प्रत्येक मुलागणिक ठरते. एकाच घरातल्या दोन भावंडांनाही एकच माप चालत नाही. पण ज्या मुलाला विचारणारेच कोणी नाही, त्याच्यापुढे हा सारा वाद फिका पडतो. म्हणून शेजारच्या घराशी तुलना करण्यापूर्वी आईबापांनी स्वतःला एवढेच विचारावे : आज मुलाचे बोलणे आपण हातातले काम बाजूला ठेवून ऐकले का?