भेटवस्तू नको, आठ दिवस द्या

वाचकहो, दिवाळी आटोपली की घरातले एखादे कपाट सावकाश उघडून पाहावे. मुलांनी प्रेमाने आणलेल्या किती वस्तू वेष्टनासह तशाच पडून आहेत, ते ध्यानात येईल. आमच्या यवतमाळच्या घरी रक्तदाब मोजण्याची दोन यंत्रे, पायांना मालीश करणारे एक यंत्र, चार शाली आणि हवाबंद डब्यांचे दोन संच आहेत. देणाऱ्यांच्या मायेविषयी शंका नाही. परंतु आम्हा दोघांना ज्याची उणीव भासते, ते दुकानात मिळत नाही. मुले येतात, भेटवस्तू देतात आणि दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीची वेळ पाहू लागतात.

माझ्या यजमानांना 76 वे वर्ष चालू आहे. सहा वर्षांपूर्वी त्यांना पार्किन्सन्सचे निदान झाले. पाऊल लहान पडू लागले, अक्षर बारीक झाले, आवाज खाली आला. औषधांनी प्रकृती आज स्थिर आहे. पण हा आजार हळूहळू पुढे सरकणारा आहे, हे आम्ही जाणतो. म्हणून गेल्या दिवाळीत सर्वांसमोर प्रस्ताव मांडला: वर्षभर कोणी कोणाला भेटवस्तू द्यायची नाही. पाडवा, भाऊबीज, वाढदिवस, सगळे साधेपणाने करायचे. ओवाळणीच्या ताटात भावाने सुपारी आणि एक रुपया ठेवावा. वाचलेल्या पैशांतून मे महिन्यात तेरा जणांनी आठ दिवस एकत्र राहायचे, थोरला मुलगा असतो त्या सिंगापूरला.

वस्तूंपेक्षा अनुभवांवर केलेला खर्च माणसाला अधिक समाधान देतो, असे लीफ व्हॅन बोव्हेन आणि थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखवले आहे. मात्र तेरा जणांना एकत्र नेण्याचा बेत आखताना प्रत्यक्षात काय काय आडवे येते, ते घरच्यांनीच समजून घ्यावे लागते.

पहिला प्रश्न पैशांचा. आमची मुलगी नेर तालुक्यात शेतकरी घरात दिली आहे. तिचे वर्ष कापसाच्या भावावर अवलंबून असते. भावंडांच्या महागड्या भेटींपुढे आपली पिशवी पुढे करताना ती संकोचते, हे मी अनेक दिवाळ्यांत पाहिले होते. भेटवस्तूंच्या पैशांत एवढ्यांची सहल होत नाही, हे उघड आहे. म्हणून आमची मुदत संपलेली एक ठेव आम्ही मूळ रक्कम म्हणून धरली आणि मुलांनी बँकेत आवर्ती ठेवी सुरू केल्या. कोण किती भरतो, हे कोणी कोणाला विचारायचे नाही. जावई एवढेच म्हणाले, "आमचा वाटा आम्ही देऊ, पण कापूस विकल्यावर." त्यांच्या शब्दाचा मान सर्वांनी राखला.

मे महिनाही त्यांच्याच सोयीचा. तोवर वेचणी संपलेली असते, पेरणीला अवकाश असतो आणि मुलांच्या शाळांना सुटी असते. अडचण आपल्या उन्हाची. यवतमाळहून नागपूरचे विमानतळ सुमारे 150 किलोमीटर. वृद्ध माणसाला ते अंतर भर दुपारी तोडायला लावणे म्हणजे उष्माघाताला आमंत्रण. आम्ही पहाटे निघणार, दिवसभर नागपूरला नातलगांकडे थांबणार आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानाने मुंबईमार्गे पुढे जाणार.

दुसरा प्रश्न प्रकृतीचा. तिकिटे काढण्याआधी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सांगितलेल्या गोष्टी आपल्यापैकी अनेकांच्या उपयोगी पडतील. विमानातील हवेचा दाब सुमारे 6,000 ते 8,000 फूट उंचीवरच्या हवेइतका असतो. त्यामुळे हृदयाचा किंवा फुप्फुसाचा विकार असणाऱ्यांनी आधी सल्ला घेतलाच पाहिजे. चार तासांहून अधिक वेळ बसून राहिल्यास पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. अधूनमधून उठावे, बसल्या जागी घोटे फिरवावेत, पाणी पीत राहावे. सर्व औषधे जवळच्या पिशवीत, मूळ पाकिटांत आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवावीत. इन्सुलिन मोठ्या सामानात देऊ नये. तेथे ते गोठण्याचा संभव असतो. झोपेच्या व वेदनाशामक अशा काही गोळ्या सिंगापूरला नेण्यासाठी पूर्वपरवानगी लागते, तेव्हा यादी आधीच तपासून घ्यावी.

पार्किन्सन्सच्या रुग्णाला गोळीची वेळ चुकवून चालत नाही. सिंगापूरचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. दोन मात्रांमधले अंतर कसे राखायचे, याचा तक्ता डॉक्टरांनी करून दिला. प्रथिनयुक्त जेवणाने लेव्होडोपाचा परिणाम कमी होऊ शकतो, म्हणून गोळी जेवणाआधी. मळमळीवर सर्रास दिले जाणारे मेटोक्लोप्रमाइड या रुग्णांनी टाळायचे असते. तशी सूचना एका कागदावर लिहून ती आम्ही पारपत्रासोबत ठेवली आहे. प्रवास विमा घेताना आजार लपवला नाही. चाकांच्या खुर्चीची मागणी विमान कंपनीकडे तिकिटासोबतच नोंदवली.

हे सारे ठरत असताना यजमान गप्प होते. एका संध्याकाळी त्यांनी हळूच विचारले, "मी तिथे पडलो तर?" फोनवरच्या तिन्ही मुलांपैकी कोणालाच चटकन उत्तर सुचले नाही. आपल्यासाठी आखलेल्या बेतात आपल्याला कोणी काही विचारलेच नाही, असे वृद्धांना पुष्कळदा वाटते. त्या दिवसापासून प्रत्येक निर्णय त्यांच्यासमोर होऊ लागला. त्यांनी एक अट घातली: "खुर्ची विमानतळापुरती. इतरत्र जेवढे चालता येईल तेवढे मला चालू द्या."

मग आम्ही रंगीत तालीम केली. कळंबच्या चिंतामणीला गेलो. ते देऊळ जमिनीच्या पातळीखाली असल्याने पायऱ्या उतराव्या लागतात. किती पायऱ्यांनंतर ते थांबतात, किती वेळाने स्वच्छतागृह लागते, कोणत्या बाजूने हात दिलेला त्यांना आवडतो, हे दोन्ही मुलग्यांना प्रथमच जवळून समजले. त्यानुसार सिंगापूरचा कार्यक्रम बदलला. दिवसाला एकच ठिकाण, दुपारी सक्तीची विश्रांती. 1859 साली स्थापन झालेले तेथील वनस्पती उद्यान पहिल्या क्रमांकावर आहे. सावली आहे, बसायला जागा आहे, घाई नाही. यजमान हसून म्हणाले, "म्हणजे शकुंतलेच्या गतीने!" मूर्तिजापूरच्या त्या अरुंद रुळांच्या गाडीत आमच्या पिढीने किती तास काढले, हे यवतमाळकरांना सांगायला नको. ती सावकाश जाई. पण बरोबरच्या माणसांशी मनसोक्त बोलणे होत असे.

तिसरी गोष्ट शुश्रूषा करणाऱ्यांसाठी. सहा वर्षांत माझी एकही रात्र सलग झोपेची गेलेली नाही. रोज दुपारचे दोन तास आणि रात्रीची एक पाळी मुलांकडे राहील, हे मी बेतातच लिहून घेतले. गोळ्यांचा तक्ता आता चौघांच्या फोनमध्ये आहे. मुलगी म्हणाली, "आई, हे आधी का नाही सांगितलेस?" मी हसले. आठ दिवसांत मिळणारी ती झोप हीच माझी भेट.

आणि शेवटी, ज्यावर सर्वांनी होकार दिला ते कलम. निघण्याच्या आठवडाभर आधी पुन्हा तपासणी होईल. डॉक्टर नको म्हणाले, तर कोणीही त्यांच्याशी वाद घालायचा नाही. तिकिटे शक्यतो रद्द करता येतील अशीच घेतली आहेत. रजा मात्र रद्द व्हायच्या नाहीत. थोरला सहकुटुंब इकडे येईल, गच्चीवर अंथरुणे पडतील, कूलर लागतील आणि तेच आठ दिवस यवतमाळात जातील. यजमानांना हे वाचून दाखवले, तेव्हा बऱ्याच दिवसांनी त्यांचा आवाज जरा मोठा झाला. म्हणाले, "मग मला कुठलेही चालेल."

वाचकहो, आपल्या घरी सिंगापूर नसेल. शेगाव असेल, चिखलदरा असेल किंवा नुसते गावाकडचे घर असेल. येत्या सणाला मुले काय आणू म्हणून विचारतील, तेव्हा संकोच न करता दिवस मागावेत, आणि ते दिनदर्शिकेवर त्यांच्याच हाताने लिहून घ्यावेत.