जे-वन झालं का?

हैदराबादच्या हिमायतनगरात राहणाऱ्याला खुणा वाचायची सवय आपोआप लागते. इथल्या जुन्या घरांच्या पाट्यांवर ३-६ ने सुरू होणारे आकडे असतात: आधी वॉर्ड, मग ब्लॉक, मग घर. चौकातल्या पाटीवर नुसता रोमन ‘एक्स’ आणि पुढे ‘रोड्स’ लिहिलेलं असतं, आणि सगळं शहर ते ‘क्रॉस रोड्स’ असं वाचतं. तरीही इथल्या मराठी घरांतली आजी नातीचा निरोप आला की चष्मा सारखा करून थबकते. एनजीएल, आयडीके, टीबीएच! पहिल्याचा अर्थ ‘खोटं नाही सांगत’, दुसऱ्याचा ‘मला ठाऊक नाही’, तिसऱ्याचा ‘खरं सांगायचं तर’. मला या तिन्हींचं अप्रूप वाटतं. या मुलांना घाईघाईतही पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं ते हेच, की मी खरं बोलतेय.

आखडून लिहिणं आपल्याला नवं कुठे आहे? मराठवाड्यातून शिकायला, नोकरीला इथे आलेल्या मुलांची गावी जाणारी पत्रं ‘ती. बाबांस शि. सा. न.’ अशीच सुरू होत. अख्खा शिरसाष्टांग नमस्कार तीन अक्षरांत मावे आणि बाबांना त्यात काही उणं वाटत नसे. मनातलं खरं बोलणं पुष्कळदा ‘ता. क.’ नंतरच यायचं. तिकडे विलायतेतही ‘ओएमजी’ हे अक्षरत्रय १९१७ साली, आरमाराचे वृद्ध अधिकारी लॉर्ड फिशर यांनी चर्चिलना लिहिलेल्या पत्रात सापडतं. तेव्हा हा सगळा तरुणांचा उच्छाद, हे म्हणणं मला पटत नाही.

मोबाइल आला तेव्हा एका एसएमएसमध्ये रोमन अक्षरं १६० मावत, देवनागरी जेमतेम ७०. मराठी माणूस रोमनमध्ये मराठी लिहू लागला त्यामागे ही अडचणही होती. त्यातूनच इंग्रजी ‘जे’ला एकाचा आकडा जोडून ‘जेवण’ झालं. ‘जे-वन झालं का?’ हा प्रश्न मला फार आवडतो. आईची सगळी काळजी त्यात शाबूत आहे.

देवनागरी पडद्यावर स्थिरावली आणि मायबोली, मिसळपाव यांसारख्या संकेतस्थळांवर मराठीनं आपली नाणी पाडली. हहपुवा म्हणजे हसून हसून पुरेवाट. पुलेशु म्हणजे पुढील लेखनास शुभेच्छा. भापो म्हणजे भावना पोहोचल्या. इंग्रजी आद्याक्षरं बहुतेकदा सुटी सुटी उच्चारावी लागतात. आपलं अक्षर स्वर घेऊनच येतं, म्हणून पुलेशु चक्क एखाद्या लाडक्या मुलाच्या नावासारखं तोंडात बसतं.

एकाच ठिकाणी माझं मन अडतं. कुणी गेल्याची बातमी येते आणि खाली ‘आरआयपी’ची रांग लागते. ज्याच्या घरातलं माणूस गेलं, तो त्या रात्री प्रत्येक ओळ वाचत असतो. तिथे आखडू नये. ‘काकांनी मला सायकल शिकवली होती’ एवढं लिहायला कितीसा वेळ लागतो?

आणि घरातल्या मुलांना एक विनंती. आजीनं ‘आयडीके म्हणजे काय गं?’ असं विचारलं, तर हसू नका. तिच्याजवळ बसून सांगा, आणि तिच्याकडून ‘शि. सा. न.’ नीट लिहायला शिकून घ्या.