मापाचे पाणी

सिंगापूर हे विषुववृत्तापासून जेमतेम 137 किलोमीटरवर असलेले बेट. तिथे वर्षाला सुमारे 2100 मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही बाराही महिने. आमच्या बीडकडे वर्षभरात जेवढा पडतो, त्याच्या जवळपास तिप्पट. तिथे राहणाऱ्या धाकट्या भावाने "निवडुंगाची बाग बघायला जाऊ" म्हटले तेव्हा अब्बा हसले. "निवडुंग बघायला विमानात बसलो का आपण? आपल्या बांधावर काय कमी आहेत?"

अब्बांना सोबत नेणे सोपे नव्हते. गेल्या वर्षी त्यांच्या पायांवर सूज आली. रात्री आडवे झाले की धाप लागायची. तपासण्या झाल्या. हृदयाचा पंप कमजोर झाला आहे, शरीरात पाणी साठते आहे, असे डॉक्टरांनी सांगितले. गोळ्या दिल्या, मीठ कमी केले आणि दिवसभराचे पाणी सव्वा लिटरवर आणले. त्यातच चहा, दूध, डाळीचे पाणी आणि शोरबाही धरायचा. हे माप प्रत्येक रुग्णाचे वेगळे असते, ते डॉक्टरांनीच ठरवायचे. रोज सकाळी वजन करून वहीत लिहायचे. दोन-तीन दिवसांत वजन एकदम वाढले तर समजायचे की पाणी साठले.

कागदावर हे सोपे वाटते, घरात नाही. दुष्काळाच्या वर्षी अब्बांच्या विहिरीवर सगळी वस्ती पाणी भरायची. दारातून कोणी तहानलेला गेला नाही, हा त्यांचा अभिमान. त्याच माणसासमोरून आम्ही तांब्या उचलून ठेवायचो. एकदा ते म्हणाले, "दुश्मनालाही मी कधी पाणी नाकारलं नाही. आणि माझीच मुलं मला नाकारतात." त्यावर आमच्यापैकी कोणाला उत्तर सुचले नाही. पाच वेळच्या वुजूची कुल्ली तेवढी त्यांना मनासारखी करता यायची. ते पाणी तोंडात जरा जास्त वेळ धरायचे. आम्ही बघून न बघितल्यासारखे करायचो.

डॉक्टरांच्या परवानगीनेच प्रवास केला. 'गार्डन्स बाय द बे' ही बाग समुद्रात भर घालून केलेल्या जमिनीवर आहे, 2012 मध्ये सुरू झाली. तिच्यातल्या 'फ्लॉवर डोम' या प्रचंड काचघराला 3332 काचा आहेत आणि आत एकही खांब नाही. बाहेर घामाने सदरा अंगाला चिकटत होता. आत गेल्यावर 23 ते 25 अंशांचा कोरडा गारवा. भावाने सांगितले की आतली हवा नुसती थंड करत नाहीत, दमटपणा शोषून घेणाऱ्या द्रवाने आधी तिच्यातले पाणी काढून घेतात. अब्बा व्हीलचेअरवरून म्हणाले, "म्हणजे इथंही पाणी काढूनच घेतात!" आम्ही सगळे हसलो, पण त्या बोलण्यातली धार कळली.

आत आफ्रिकेतली गोरखचिंचेची झाडे होती, बुंध्यात पाणी साठवून फुगलेली. पुढे निवडुंग आणि मांसल पानांच्या वनस्पतींचा भाग. इथे मात्र अब्बांनी खुर्ची थांबवायला लावली आणि नातीला शिकवायला सुरुवात केली. कोणत्या झाडाला चीक असेल हे ते लांबून ओळखत होते. "हा आपल्या शेराचा भाऊबंद. चीक डोळ्यात गेला तर डोळा जाईल." फलक वाचल्यावर त्यांचे बरोबर निघाले. शेर आणि साबरकांड यांचे घराणे वेगळे, खऱ्या निवडुंगांचे वेगळे. खरे निवडुंग मूळचे अमेरिका खंडातले. आपल्या बांधावरचा फड्या निवडुंगही तिकडूनच आलेला. दोन्ही घराण्यांवर कोरड्या मुलखात सारखीच वेळ आली, म्हणून त्यांची रूपे सारखी झाली. निवडुंगाचे काटे म्हणजे बदललेली पानेच. पाणी मिळाले की खोडाच्या घड्या उलगडतात, संपत आले की मिटतात. पानांचे काम खोड करते आणि हवेची छिद्रे रात्री उघडते, म्हणजे दिवसाच्या उन्हात ओल उडून जात नाही.

एक माळीबाई गुडघ्यावर बसून माती तपासत होत्या. अब्बांनी भावाला दुभाषा केले आणि विचारले, "यांना पाणी कधी देता?" बाईंनी मातीत बोट खुपसून दाखवले. खालपर्यंत कोरडे लागल्याशिवाय देत नाही, म्हणाल्या. पाणी तुंबले की मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. वरून झाड हिरवेच दिसते, हात लावला की कोसळते. म्हणून मातीतही खडी आणि वाळू जास्त.

"मग झाडाला तहान लागत नाही का?" नातीने विचारले.

"लागते," बाई म्हणाल्या. "पण आम्ही रोज बघायला येतो."

अब्बा बराच वेळ गप्प राहिले. आम्हालाही काही बोलावेसे वाटले नाही. बाहेर पाऊस सुरू झाला होता आणि काचांवरून पाण्याचे लोट वाहत होते. थोड्या वेळाने त्यांनी पिशवीतली बाटली मागितली. आतापर्यंत ती आमच्या हातात असायची. त्यांनी ती स्वतःच्या मांडीवर ठेवली, दोन घोट घेतले, उजेडात धरून पातळी पाहिली आणि बूच लावले. "संध्याकाळपर्यंत एवढं पुरेल," म्हणाले.

त्या एका दुपारने सगळे बदलले असे मात्र नाही. बीडला परतल्यावर वैशाखातले ऊन बेचाळीस अंशांवर गेले आणि पुन्हा कुरबूर झाली. फरक एवढाच की आता बाटलीवर खुणा अब्बांनीच केल्या आहेत आणि सकाळचे वजनही तेच वहीत लिहितात. लिंबाची फोड चोखायची, लहान कपाने प्यायचे, या युक्त्याही त्यांनीच शोधल्या. आम्हीही एक गोष्ट ठरवली आहे. अब्बांसमोर गटागटा पाणी प्यायचे नाही, आणि त्यांच्या चहाच्या वेळी कोणीतरी सोबत बसायचेच.

परवा असरनंतर ते म्हणाले, "आज दोन घोट जास्त हवेत." आम्ही वही उघडली. तीन दिवस वजन एकाच जागी होते. आम्ही डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी होकार दिला आणि आम्ही कप भरून अब्बांच्या हातात दिला. "बिस्मिल्लाह" म्हणून ते हळूहळू प्यायले.