मामूंचा सॅक्सोफोन आणि यूसुफ लतीफ

आमच्या घरात एक खोटं चाळीस वर्षं नांदलं. मामू काय करतात, असं कुणी विचारलं की आम्ही सांगायचो, ‘इलेक्ट्रिकच्या दुकानात कामाला आहेत.’ खरं म्हणजे मामू लग्नाच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायचे. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर आणि गळ्यातल्या पट्ट्याला अडकवलेलं ते वाकडं पितळी वाद्य. लगीनसराईत त्यांना उसंत नसायची. बँडमध्ये निम्मे लोक आपलेच होते. वरात कुणाचीही असो, वाजवणारे आपले.

1983 साली थोरल्या आपाच्या सोयरिकीला पाहुणे आले. मुलाच्या चाचांनी विचारलं, ‘मुलीचे मामू काय करतात?’ अब्बांनी दुकानाचं सांगितलं. मामू तेव्हा पाहुण्यांना सरबत देत होते. त्यांनी मान वर केली नाही. आम्ही लहान होतो, पण खोटं बोललं गेलंय हे आम्हाला कळलं, आणि ते आपल्यालाही यापुढे बोलायचंय हेही कळलं. आपाचं लग्न झालं. मामूंनी आणखी दोन हंगाम केले आणि सॅक्सोफोनची पेटी माळ्यावर टाकली. मग ते खरोखरच इलेक्ट्रिकच्या दुकानात लागले.

मोहल्ल्यातले बुजुर्ग म्हणायचे, ही कमाई धड नाही. मामूंनाही वरातीतल्या काही गोष्टींची किळस होती. पिऊन नाचणारे अंगावर यायचे, नोट दातात धरून वाजवणाऱ्याच्या तोंडासमोर नाचवायचे. मामूंनी कधी थेंबाला स्पर्श केला नाही. पण बँडवाला म्हटलं की पिणारा, हे लोकांनी ठरवलेलंच होतं. त्यांच्यापुढे दोनच वाटा ठेवल्या गेल्या : वाजवा आणि नाव घालवा, किंवा सोडा आणि नाव राखा. तिसरी वाट असू शकते, हे आम्हा कुणालाच सुचलं नाही.

ती सुचली फार उशिरा, एका अल्बममुळे. 2024 च्या एप्रिलमध्ये अमेरिकन सॅक्सोफोनवादक यूसुफ लतीफ यांचा ‘अटलांटिस ललबाय’ प्रसिद्ध झाला. लतीफ यांचा इंतकाल डिसेंबर 2013 मध्ये, वयाच्या 93 व्या वर्षी झाला. म्हणजे हा नवा अल्बम त्यांच्या मागे दहा वर्षांनी आला. त्यातलं वादन 19 जुलै 1972 चं, फ्रान्समधल्या अविन्याँ शहरातल्या मैफलीचं. पियानोवर केनी बॅरन, बासवर बॉब कनिंगहॅम आणि ड्रमवर अल्बर्ट हीथ. हे हीथसाहेबही अल्बम निघण्याआधी थोडेच दिवस, 3 एप्रिलला गेले. आमच्या मुलीनं मोबाइलवर तो लावला आणि म्हणाली, ‘बघा, सॅक्सोफोन वाजवणाऱ्याचं नाव यूसुफ आहे.’ तेव्हापासून आम्ही या माणसाच्या मागे लागलो.

त्यांचा जन्म 1920 चा, टेनेसी राज्यातल्या चॅटनूगाचा. जन्मनाव विल्यम इमॅन्युएल हडलस्टन. बालपण मोटारींच्या कारखान्यांच्या डेट्रॉइट शहरात गेलं. अठराव्या वर्षी सॅक्सोफोन हाती आला. 1949 मध्ये डिझी गिलेस्पी यांच्या मोठ्या वाद्यवृंदात जागा मिळाली. त्याच सुमारास त्यांनी इस्लाम स्वीकारला आणि यूसुफ लतीफ हे नाव घेतलं. ते अहमदिया पंथाच्या मार्गानं आले. त्या पंथाबद्दल आपल्याकडे तीव्र मतभेद आहेत, त्यात शिरण्याची ही जागा नव्हे. आम्हाला लक्षात घ्यायचंय ते एवढंच की, नाव बदलल्यावर त्यांनी वाद्य खाली ठेवलं नाही, आणि वाद्यासाठी नमाजही सोडली नाही.

डेट्रॉइटला परतल्यावर त्यांनी संगीताचं रीतसर शिक्षण सुरू केलं. पोटासाठी मोटारीच्या कारखान्यात कामही केलं. तिथल्या एका सीरियन कामगारानं त्यांना रबाबची ओळख करून दिली. मग त्यांचा शोध थांबला नाही. सॅक्सोफोन आणि बासरी ही मुख्य वाद्यं राहिलीच, पण ओबो आला, अरबी अर्घूल आला, मातीचं चिनी शून आलं, आणि आपली शहनाईसुद्धा आली. 1961 चा ‘ईस्टर्न साउंड्स’ हा त्यांचा अल्बम आजही लोक आवडीनं ऐकतात. पाश्चात्त्य कलावंतांत पूर्वेकडे वळण्याची लाट पुढे आली. हा माणूस त्या लाटेच्या आधीच तिकडे निघाला होता.

त्यांची तालीम कधी संपलीच नाही. पन्नाशीच्या आसपास पदवी, मग पदव्युत्तर पदवी आणि 1975 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाची शिक्षणशास्त्रातली डॉक्टरेट. प्रबंधाचा विषय होता पाश्चात्त्य आणि इस्लामी शिक्षण. 1981 ते 1985 ही वर्षं त्यांनी नायजेरियातल्या अहमदू बेलो विद्यापीठात संशोधनात घालवली. 1987 च्या ‘लिटल सिंफनी’साठी ग्रॅमी पुरस्कारही मिळाला. आपल्याकडे बँडवाल्याला अनपढ समजण्याची रीत आहे. म्हणून हा पदव्यांचा पाढा मुद्दाम वाचला.

पण आम्हाला थांबवलं ते वेगळ्याच दोन गोष्टींनी. पहिली, त्यांना आपल्या संगीताला ‘जॅझ’ म्हटलेलं चालत नसे. त्या शब्दाला चिकटलेले हलके अर्थ त्यांना नकोसे वाटत. त्यांनी स्वतःचा एक लांबलचक शब्द घडवला, ‘ऑटोफिजिओसायकिक’. म्हणजे शरीर, मन आणि आत्मा यांतून येणारं संगीत. लोकांनी दिलेलं नाव नाकारून आपल्या कामाला आपण नाव द्यायचं. दुसरी गोष्ट, 1980 च्या सुमारास त्यांनी ठरवलं की जिथे दारू दिली जाते तिथे वाजवायचं नाही. अमेरिकेत या संगीताचं पोट नाइटक्लबांवर चालतं. तिथे असा निर्णय म्हणजे आपल्या हातानं दारं बंद करणं. पण त्यांनी आपली हद्द आखली आणि हद्दीच्या आत वाजवत राहिले.

संगीत जायज की नाजायज, हा वाद आपल्याकडे जुना आहे, आणि त्याचा निवाडा करण्याइतकं इल्म आमच्यापाशी नाही. पण संगीताचा वाद आणि संगीतातल्या माणसाची लाज, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वरातीला बँड लावताना आपण फतवा विचारत नाही. बँडवाला सोयरिकीला आला की मात्र विचारतो.

गेल्या वर्षी एका दुपारी आम्ही मामूंच्या खोलीत तो अल्बम लावला. मामू आता ऐंशीच्या पुढचे. जिना चढला की धाप लागते. ‘युसेफ्स मूड’ ही चीज लांबलचक आहे. मामू डोळे मिटून पूर्ण ऐकत राहिले. त्यांची उजव्या हाताची बोटं चादरीवर हलत होती. संपल्यावर म्हणाले, ‘सांस देखो उसकी.’ मग विचारलं, ‘हा कुठं वाजवायचा? दारूच्या ठिकाणी?’

आम्ही सांगितलं की आधी वाजवायचे, पुढे त्यांनी नकार दिला, पण वाजवणं सोडलं नाही.

मामू बराच वेळ बोलले नाहीत. मग एवढंच म्हणाले, ‘त्याला तसं म्हणता आलं.’

आम्हाला बोलायला जागा उरली नाही. मामूंना तसं म्हणता आलं नाही, कारण त्यांच्या बाजूनं बोलणारं घरात कुणी नव्हतं. लतीफ यांची हिंमत मोठी होतीच. पण त्यांचा सॅक्सोफोन घरच्यांनी लपवला नव्हता.

यंदाच्या हिवाळ्यात आमच्या मुलीच्या सोयरिकीची बैठक झाली. मामू कोपऱ्यात खुर्चीवर होते. पाहुण्यांपैकी एका बुजुर्गानं अदबीनं विचारलं, ‘चाचा, तुम्ही काय करत होता?’

मामू सवयीनं बोलून गेले, ‘इलेक्ट्रिकच्या दुकानात...’

आम्ही मध्येच म्हणालो, ‘ते नंतर. आमचे मामू बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायचे.’

बैठकीत क्षणभर शांतता झाली. मामूंनी आमच्याकडे पाहिलं. त्या वेळी सरबताचा ट्रे आमच्या हातात होता.