वळणावर जाणे आणि वळण लावणे

इंग्रजीतील ‘टेक आफ्टर’ या क्रियापदाचा अर्थ मराठी मुलाला सांगण्यास फार सायास पडत नाहीत. ‘शी टेक्स आफ्टर हर मदर’ म्हणजे ती आईच्या वळणावर गेली आहे. ‘टेक’ म्हणजे घेणे आणि ‘आफ्टर’ म्हणजे नंतर, अशी फोड केली तर हाती काहीच लागत नाही. दोन्ही शब्द मिळूनच हा अर्थ देतात.

वापराचे संकेत मात्र ध्यानी ठेवावेत. हे क्रियापद प्रायः रक्ताच्या नात्यात आणि धाकट्याविषयीच योजतात. मुलगा बापावर जातो. बाप मुलावर जात नाही, मित्रही मित्रावर जात नाही. ‘लुक लाइक’ केवळ दिसण्यापुरते आहे; ‘टेक आफ्टर’मध्ये रूप, स्वभाव, चालण्याची लकब असे सारे येते. ‘इज टेकिंग आफ्टर’ असे सहसा म्हणत नाहीत, कारण साम्य ही चालू क्रिया नसून स्थिती आहे. मराठीतही आपण ‘आजोबांवर गेला आहे’ असेच म्हणतो. यात अनुकरणही नाही. ज्याने आजोबांना कधी पाहिले नाही, तो नातूही त्यांच्यावर जाऊ शकतो.

बेळगावातील आमचे कन्नड शेजारी हीच गोष्ट ‘तायियंते मगळु, नूलिनंते सीरे’ या म्हणीने सांगतात: आईसारखी मुलगी, सुतासारखी साडी. शहापूर-वडगावच्या विणकरांना ही उपमा समजावून द्यावी लागत नाही. मात्र सुताची साडी आपोआप होत नाही. कोणीतरी मागावर बसावे लागते.

मराठीतील ‘वळण’ हा शब्द हे दोन्ही अर्थ सांभाळतो. आईच्या वळणावर मूल आपसूक जाते. चांगले वळण मात्र लावावे लागते. अक्षराचे वळण तर गिरवल्यावाचून येतच नाही. 1956 च्या राज्यपुनर्रचनेनंतर सीमाभागात वाढलेल्या पिढ्यांकडे पाहताना आम्हांला हा भेद पदोपदी जाणवतो. नातीला आजीचे नाक मिळालेले असते, आजीचा करारी स्वभावही मिळालेला असतो. पण आजीने लिहिलेली पत्रे तिला वाचता येत नाहीत. तो दोष नातीचा नव्हे. भाषा रक्तातून उतरत नाही, तिला तोंड आणि कान लागतात. म्हणून बारशाच्या दिवशी ‘कोणावर गेली हो?’ असे कौतुकाने विचारणाऱ्या घरांनी, ती पाच वर्षांची झाली की तिच्या हाती पाटीही द्यावी.